मंत्र्यांसाठी उभी रागी

आमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी बंगळुरात आलं, असं वडील सांगत. मराठी फौजेच्या घोड्यांबरोबर आलो, म्हणत. घोड्यांवर बसून आलो की मागून लीद गोळा करत आलो, हे मात्र त्यांनी कधी स्पष्ट केलं नाही. काही असो, त्या तीनशे वर्षांत आमच्यापैकी कुणी मातीत हात घातल्याचं ऐकिवात नाही. कारकून, मास्तर, वकिलांचे मुनीम, एखादा पोस्टमास्तर. चामराजपेटेतल्या आमच्या घरामागे कढीलिंबाचं एक झाड होतं, तेही शेजाऱ्यांच्या अंगणात उगवून आमच्याकडे कललेलं. अशा घरातला मी एका कन्नड शेतकी साप्ताहिकाचा उपसंपादक झालो आणि शेतकऱ्यांना शेती शिकवू लागलो.

घरी आमचं मराठी, म्हणजे ‘थोडं’ला ‘स्वल्प’ आणि ‘बरं’ला ‘सरी’ म्हणणारं: ‘स्वल्प सरक की’, ‘सरी, येतो’. पुण्याहून सरकारी कारखान्यांत नोकरीला आलेली मंडळी ते ऐकून गालातल्या गालात हसायची. लिहायचं कन्नडमध्ये. आणि लिहायला जे ज्ञान लागायचं ते इंग्रजी मासिकांत, ज्यांत शेतकऱ्याच्या मागे नेहमी एक ट्रॅक्टर आणि एक लठ्ठ गाय उभी असे. संपादक मला बजावून सांगत, “ट्रॅक्टर गाळा, गाय ठेवा.” पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. साप्ताहिकाच्या तिसऱ्या पानावर डावीकडे एक चौकट माझ्यासाठी राखलेली असे. तिच्यात मी शेतकी खात्याला दर आठवड्याला झोडपून काढायचो.

खात्याला झोडपणं अवघड नव्हतं. खात्याची पत्रकं अशा कन्नडमध्ये असत की ती समजायला आधी इंग्रजी यावं लागे. पण बसल्याजागी किती झोडपणार? म्हणून मी बस पकडून गावोगाव जाऊ लागलो, आणि देवनहळ्ळीच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात मला एक सोन्यासारखा माणूस सापडला. सगळा गाव त्यांना यजमान म्हणे, म्हणून मीही यजमानच म्हणू लागलो. चांगली खाऊनपिऊन सुखी असामी. घरापुढे चकोत्याची, म्हणजे पपनसाची, दोन झाडं, गोठ्यात बैल, डोक्याला मुंडासं आणि जिभेला लगाम नाही.

त्यांची नि माझी ओळख झाली ती भुईमुगामुळं. खात्याच्या कुठल्याशा अधिकाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं, फोटोग्राफर येईपर्यंत शेंगा काढू नका. यजमान म्हणाले, “पीक माझं, फोटो तुमचा. तुम्ही तुमचा फोटो घेऊन या, मी माझ्या शेंगा घेऊन जातो.” आणि त्याच सकाळी भुईमूग उपटायला लावला. अधिकारी बांधावरून परत गेला. मी ती हकीकत माझ्या चौकटीत अशी रंगवली की आठवडाभर कापडपेठेत ओळखीचे लोक मला थांबवून “पीक माझं, फोटो तुमचा” म्हणत होते. यजमानांना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो लेख गावच्या पोस्टमास्तरांकडून इतक्या वेळा वाचून घेतला की पोस्टमास्तरांना तो पाठ झाला.

त्यांच्या घरी मला पहिल्यांदा रागीची मुद्दे खायला मिळाली. रागी म्हणजे आपली नाचणी. तिच्या पिठाचा वाफाळता उंडा पानात येतो, तो बोटांनी तोडून सारात बुडवून गिळायचा असतो, चावायचा नसतो. मी चावला. यजमानांची बायको तोंडाला पदर लावून हसली आणि म्हणाली, “पेपरस्वामी, लिहिता तेही असंच चावून चावून लिहिता काय?” तेव्हापासून मी तिला अक्का म्हणू लागलो आणि मी कायमचा पेपरस्वामी झालो.

अक्काला अभिमान एकाच गोष्टीचा होता: तिच्या पेवाचा. अंगणात जमिनीखाली खोदलेलं धान्याचं ते पेव, तोंड शेणामातीनं लिंपलेलं. रागी त्यात वर्षानुवर्षं टिकते. लग्न होऊन आल्यापासून दुसऱ्याच्या पेवातला दाणा तिच्या चुलीवर शिजला नव्हता, असं ती सांगे. आणि सांगताना शेजारच्या घराकडे एक नजर टाके. शेजारचं घर यजमानांच्या चुलतभावाचं. बांधावरून दोन घरांत अबोला होता. बांध कुणी सरकवला हे विचारायची माझी हिंमत कधी झाली नाही, कारण दोन्हीकडचं उत्तर दिवसभर पुरलं असतं.

साठचं दशक लागलं आणि एक दिवस खात्याच्या मोठ्या साहेबांनी मला कॉफीला बोलावलं. मला वाटलं, आता खटला भरणार. साहेब हसून म्हणाले, “बाहेर उभं राहून दगड मारता, त्यापेक्षा आत या. प्रसिद्धी अधिकारी व्हा. आमच्या पत्रकांची भाषा सुधारा.” मी विचार करायला वेळ मागितला. घरी येऊन सांगितलं, तर विचार करायचं काम घरानं आधीच उरकलेलं होतं. “अहो, पेन्शन असतं ना?” बायको म्हणाली. “आधी अण्णांना सांगा. स्वल्प बरं वाटेल त्यांना, सकाळपासून छातीत धरलंय म्हणतात.” अण्णा म्हणजे माझे वडील. बातमी ऐकून ते उठून बसले, कोट मागवला आणि चार घरी सांगून आले. तीनशे वर्षांनी आमच्या घरात पुन्हा सरकारी घोडा आला होता.

खात्यात माझ्या टेबलावर आलेलं पहिलंच काम फार मानाचं होतं. साप्ताहिकातल्या माझ्या शेवटच्या लेखाला खात्यातर्फे उत्तर द्यायचं होतं. मी ते दिलं. ते इतकं सडेतोड उतरलं की वाचून मला माझाच लेख उथळ वाटू लागला. साहेबांनी पाठ थोपटली. साप्ताहिकाच्या संपादकांनीही ते लगेच छापलं, कारण मी सोडून गेल्यापासून तिसऱ्या पानावरची ती चौकट रिकामीच होती आणि रिकामी चौकट म्हणजे संपादकाच्या पोटात गोळा. पुढे तो रिवाजच पडला. मी खात्याचं निवेदन लिहायचं आणि त्यांनी ते काना-मात्रेचा फरक न करता माझ्या जुन्या चौकटीत टाकायचं. फक्त खाली आता माझी सही नसे.

मी यजमानांना भेटायला गेलो तो मनाची तयारी करून. वाटलं, हा माणूस आता मलाही बांधावरून परत पाठवणार. झालं उलटंच. त्यांनी मला मिठी मारली. “खात्यात आता आपला माणूस आहे,” ते सगळ्यांना सांगू लागले. “तुम्ही तिकडे गेलात, म्हणजे खातं सुधारलं असणार. नाहीतर तुम्ही गेला असता होय?”

त्याच भरात त्यांनी खात्याचा प्रात्यक्षिकाचा प्लॉट घ्यायचं कबूल केलं. रागी मुठीनं फेकून पेरण्याऐवजी रोपं करून ओळीत लावायची, ही सुधारित पद्धत. पद्धत खरोखर चांगली होती, मीच तिच्यावर लिहिलं होतं. प्रात्यक्षिकासाठी शेत निवडायची खात्याची मात्र स्वतःची पद्धत होती. माती कशी आहे, पाणी कुठे मुरतं, असल्या फालतू गोष्टी कुणी बघत नसे. मोटार कुठपर्यंत जाते ते बघायचं. यजमानांचा सगळ्यात कसदार तुकडा नेमका रस्त्याला लागून होता, म्हणजे दुधात साखर. घरची वर्षाची सगळी रागी त्या एकाच तुकड्यात व्हायची. रस्त्याच्या कडेला खात्यानं एक भलाथोरला बोर्ड रोवला. वर ‘सुधारित पद्धत’, आणि खाली यजमानांचं नाव, प्रत्येक अक्षर वीतभर. यजमान रोज सकाळी जाऊन त्या बोर्डावरची धूळ पुसायचे. बोर्ड वाचता न येणाऱ्या माणसानं बोर्डावर एवढं प्रेम केलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

शेजारच्या चुलतभावानं हे बघून दात विचकले आणि आपली रागी जुन्या पद्धतीनं फेकून पेरली. तीही उशिरा, कारण ऐन वेळी त्याचा एक बैल लंगडला. आमचे क्षेत्र-सहायक त्याच्या शेताकडे बोट दाखवून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, “हे बघा, कसं करू नये.”

ओळीतली रागी काय झाली म्हणता! कणसांच्या मुठी अशा भरल्या की ताटं वाकली. अक्का माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “पेपरस्वामी, पेव तळाला गेलंय. पण यंदा काळजी नाही. संक्रांतीच्या सुमाराला लेक येतेय पहिल्या बाळंतपणाला. तिला माझ्याच पेवातली रागी घालीन.” ती बोलताना सारखी त्या शेताकडे बघत होती. मला इतका आनंद झाला की मी ऑफिसात जाऊन पिकाचं भरभरून वर्णन केलं. तिथंच माशी शिंकली. साहेबांनी ते वरती कळवलं, आणि वरून आलं की मंत्री स्वतः पीक बघायला येतील.

झालं. निरोप सुटला: मंत्री येईपर्यंत पीक उभं पाहिजे.

मंत्री यायचे होते त्या दिवशी आले नाहीत. विधानसभेत काहीतरी निघालं. पुढची तारीख पोटनिवडणुकीनं खाल्ली. त्याच्या पुढची कुठल्यातरी परदेशी पाहुण्यांनी, ज्यांना शेत नको होतं, फुलांचं प्रदर्शन हवं होतं. दर वेळी वरून साहेबांना फोन यायचा, साहेब मला बोलवायचे, आणि मी बस पकडून देवनहळ्ळीच्या रस्त्याला लागायचो. आत्तापर्यंत रागी पिवळी होऊन तपकिरी पडायला लागली होती. पाखरं येत होती. कार्तिक सरत आला होता आणि मद्रासकडच्या आभाळात काळं भरून येत होतं. बंगळुरात त्या दिवसांत झड लागली की चार-चार दिवस घरात कपडे वाळत नाहीत. पिकलेल्या रागीचं काय होतं ते सांगायला शेतकी अधिकारी लागत नाही.

शेवटच्या फोननंतर मी गेलो तो मनाशी ठरवून गेलो. साहेबांना काय सांगायचं ते बघून घेऊ. यजमानांना बांधावर गाठलं आणि म्हटलं, “उद्याच्या उद्या विळे लावा. मंत्र्यांचं मी बघतो.”

यजमान म्हणाले, “मंत्री येणार, आणि मी त्यांना धसकटं दाखवू?”

“गंजी दाखवा. खळ्यावरची रास दाखवा.”

“रास काय, कुणाचीही असते. ओळी कशा दिसणार राशीत? तुम्हीच लिहिलंय की, ओळीत सगळं आहे म्हणून.”

“यजमान, भुईमुगाच्या वेळी तुम्ही काय म्हणाला होतात? पीक माझं, फोटो तुमचा.”

“तेव्हा खात्यात परके होते, स्वामी.” ते माझ्या खांद्यावर हात ठेवून समजावणीच्या सुरात म्हणाले, “आता तुम्ही आहात. मी पीक कापलं, तर तुमचं नाक कापलं जाईल.”

अक्का मागे येऊन उभी होती. ती नवऱ्याला म्हणाली, “ते स्वतः सांगताहेत ना कापा म्हणून? मग?”

“ते भिडेनं सांगताहेत,” यजमान म्हणाले. “आपल्याला त्रास नको म्हणून. आपणही त्यांचा विचार करायला नको?”

आयुष्यभर मी सरकारचं ऐकू नका म्हणून लिहीत आलो आणि या एका माणसानं ते मनापासून ऐकलं होतं. आता सरकार स्वतः येऊन पीक काप म्हणत होतं आणि तो सरकारच्या इज्जतीसाठी ऐकत नव्हता. मी चिडलो, आवाज चढवला, हातही जोडले. ते हसून म्हणाले, “चला, चकोता फोडू.” अक्का पुन्हा शेताकडे बघत उभी राहिली. चकोता गोड होता.

त्यानंतर दोन दिवसांनी झड लागली. आभाळ फुटलं वगैरे काही नाही, नुसतं पिरपिर, पिरपिर. चामराजपेटेतल्या घरात खिडकीशी उभा राहून मी रस्त्यावरचं पाणी बघत होतो आणि बायको म्हणत होती, “तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता? शेत काय आपलं आहे?” बरोबर होतं तिचं. शेत आमचं नव्हतं. आमचं कधीच काही पेरलेलं नव्हतं.

पाऊस थांबल्यावर गेलो तेव्हा ओळीतली रागी जमिनीवर लोळत होती. कणसं काळी पडली होती आणि दाण्यांना जागेवरच पांढरे मोड फुटले होते. काडसुद्धा कुजली, बैलांनी तोंड लावलं नाही. आणि पलीकडे, बैल लंगडल्यामुळे उशिरा पेरलेली चुलतभावाची रागी पावसात हिरवीच होती. तिनं मान झटकली आणि उन्हं पडताच ती मस्त पिवळी होऊन उभी राहिली.

तेव्हा मंत्री आले. अर्थात आले.

मी साहेबांच्या मोटारीतून पोचलो तर बोर्ड जागेवर नव्हता. आमच्या क्षेत्र-सहायकांनी सकाळीच तो उपटून बांधापलीकडे, चुलतभावाच्या शेतापुढे रोवला होता. साहेबांनी एकदा बोर्डाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि चष्मा पुसायला घेतला. मंत्री उतरले. फेकून पेरलेल्या त्या रागीत हात फिरवून म्हणाले, “बघा, सुधारित पद्धत! ओळी किती सुरेख आल्यात.” ओळ औषधाला नव्हती. मग बोर्डावरचं नाव वाचून त्यांनी शेतकऱ्याला पुढे बोलावलं आणि यजमान धुतलेलं मुंडासं बांधून पुढे आले. चुलतभावाच्या शेतात उभं राहून त्यांनी मंत्र्यांच्या हातून हार घालून घेतला. पाठीमागे त्यांचं स्वतःचं शेत काळं पडलेलं होतं. त्यांनी तिकडे वळून पाहिलं नाही, आणि चेहऱ्यावर आनंद इतका खरा होता की मला रागावताही येईना. चुलतभाऊ दूर विहिरीच्या कठड्यावर बसून बिडी ओढत होता. अबोला असल्यामुळे त्याला काही बोलता येत नव्हतं. अक्का आली नव्हती.

ऑफिसात परतल्यावर निवेदन लिहायला मीच बसलो, दुसरं कोण बसणार? ‘अवकाळी पावसालाही न डगमगता सुधारित पद्धतीचं पीक डौलानं उभं.’ वाक्य चांगलं जमलं होतं. साप्ताहिकानं त्याच आठवड्यात ते तिसऱ्या पानावर डावीकडे, चौकटीत छापलं.

त्यानंतर बरेच दिवस मी त्या रस्त्याला फिरकलो नाही. संक्रांत उलटून गेल्यावर बातमी आली, लेकीला मुलगा झाला. मग जाणं भाग होतं. यजमान घरी नव्हते, मंत्र्यांचा सुकलेला हार गावात दाखवायला गेले होते. आतल्या खोलीत बाळ रडत होतं. अक्कानं न विचारता पान मांडलं. उंडा गुळगुळीत, घट्ट, एकही गाठ नाही. मी तोडून गिळला आणि म्हटलं, “मुद्दे छान झालीय, अक्का.”

“होणारच,” ती म्हणाली. “शेजारच्या जाऊबाईंची रागी आहे.” अंगणातलं पेव उघडंच होतं. वर एक तुटकी टोपली पालथी घातलेली. “सूप घेऊन मीच गेले मागायला. तिनं दिली. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.”

मी उंड्याचा आणखी एक तुकडा तोडला.

“पेपरमध्ये आलंय म्हणे मंत्र्यांचं,” ती म्हणाली. “यांनी पोस्टमास्तरांकडून वाचून घेतलं. मीही ऐकलं. माझं शेत कुठेच नाही त्यात. भुईमुगाच्या वेळी तुम्ही सगळं लिहिलं होतंत, अगदी यांच्या तोंडची शिवीसुद्धा.” तिनं माझ्या पानात सार वाढलं. “तुमचाही काय इलाज म्हणा, तुम्ही आता सरकारात. पण पेपरस्वामी, तुम्ही गेल्यावर तुमच्या त्या चौकटीत आता लिहितं तरी कोण? त्याला एकदा पाठवा ना इकडे. मी दाखवीन त्याला माझं पेव.”

“सरी अक्का,” मी म्हणालो, “पाठवतो.”